लांकूडतोडीची सांखळी-करवत : ती कशी पारखून घ्यावी

बांधावरची एक जुनी बाभूळ तोडावयाची म्हणजे कुऱ्हाडीचे दोन गडी आणि निदान अर्धा दिवस, असा हिशेब आमच्या वडिलांच्या काळीं असे. आज तीच बाभूळ एकटा गडी घटकाभराच्या आंत आडवी करितो. हें ज्या यंत्रानें साधलें त्यास 'चेनसॉ' असें नांव असून आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत (२०२४ सालापर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत) लोक त्यास नुसतें 'कटर' म्हणतात. या लेखांत आम्ही त्यास सांखळी-करवत म्हणूं. ऊस, कांदा व फळबागा यांच्या कामांत मजूर गुंतल्यामुळें लांकूडतोडीस माणूस मिळणें कठीण झालें आहे, व पुष्कळ बागाईतदार हें यंत्र घरीं बाळगूं लागले आहेत. तें घेतांना काय पाहावें, याविषयीं चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. त्या आम्ही पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर मांडीत नसून स्वतः ठेंच खाऊन शिकलों आहों, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही वडिलार्जित जमिनीकडे वळलों, तेव्हां विहिरीच्या बांधावरील सुबाभळी आणि दोन वठलेल्या बाभळी काढावयाच्या होत्या. आम्ही बाजारांत गेलों. दुकानदारानें दुकानांतील सर्वांत दांडगें यंत्र पुढें केलें. इंजिन ५८ सी.सी., बार २२ इंची, आणि किंमत मात्र नामांकित यंत्रांच्या मानानें पुष्कळच कमी. जास्त शक्ति कमी पैशांत मिळते, मग आणखी काय पाहावयाचें, असें मनांत म्हणून आम्हीं पैसे मोजले. तिसऱ्या दिवशीं आमचा सालगडी पडलेल्या बाभळीच्या फांद्या उतरवीत असतां बारचें टोंक मागच्या दुसऱ्या फांदीस लागलें व यंत्र एकदम उसळून त्याच्या खांद्यावर आलें. हातापुढील ढाल त्याच्या मनगटास लागून ब्रेकचा खटका पडला. परंतु सांखळी थांबली नाहीं. खांद्यास सात टांके पडले. तेथून मान चार बोटांवर होती.

दवाखान्यांतून परत येतांना तो आम्हांस म्हणाला, "भाऊसाहेब, चूक माझीच झाली. टोंक लागूं द्यायचं नव्हतं." त्याची चूक थोडी होती हें खरें, पण मोठी चूक आमची होती. नोकरींत आम्हीं जळिताचे, पुराचे व गारपिटीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. त्या संवयीनें मिस्त्रीस बोलावून तें यंत्र उघडविलें. ब्रेकचा पोलादी पट्टा क्लचच्या डब्यावर घट्ट आवळतच नव्हता. यंत्र घेतल्या दिवसापासून तें तसेंच असावें. कारण आम्हीं दुकानांत ब्रेक एकदांही चालवून पाहिला नव्हता.

घोडेगांवच्या जनावरांच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी शिंगें पाहून पैसे देत नाहीं. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, आणि बोलाविल्यावर बैल उभा राहतो कीं नाहीं हेंही पाहतो. यंत्राच्या बाबतींत मात्र तोच शहाणा मनुष्य इंजिनाचा आंकडा ऐकून भुलतो. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, भरंवशाची सांखळी-करवत म्हणजे जी थांबविल्याबरोबर थांबते, जिचे दांत आपल्याला घरीं लावतां येतात, आणि जिचा सुटा भाग तालुक्याच्या गांवीं मिळतो ती. शक्तीचा विचार त्यानंतरचा.

१. आधीं काम मोजावें

यंत्र पाहण्यापूर्वीं शेतकऱ्यानें एक सुतळी घेऊन आपल्या बांधांवरून फिरावें आणि जीं झाडें तोडावयाचीं वा छाटावयाचीं असतील त्यांच्या बुंध्याचा घेर मोजून लिहून ठेवावा. घेरास तिनानें भागिलें असतां जाडी अदमासें कळते. तीन फूट घेराची बाभूळ म्हणजे सुमारें एक फूट जाडीची होय. आपल्या जिल्ह्यांत बांधावर बहुधा बाभूळ, लिंब, सुबाभूळ व नीलगिरी असतात. पडीक रानांत वेडी बाभूळ माजलेली असते. यांपैकीं सुबाभूळ मऊ, तर वाळलेली बाभूळ अतिशय कठीण. त्यामुळें जाडीबरोबर झाडाची जातही लिहावी.

ही यादी केल्यावर कित्येकांस असें आढळून येईल कीं, आपणांस यंत्राची गरजच नाहीं. डाळिंब, लिंबू व पेरू यांच्या छाटणीस चांगली कात्री आणि वांकड्या पात्याची हातकरवत पुरते. तिचा काप स्वच्छ येतो व फांदी फाटत नाहीं. जेथें डाळिंबावर तेल्या रोग आहे तेथें एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना हत्यार निर्जंतुक करावें लागतें, आणि हें काम हातकरवतीचें जितकें सोपें तितकें सांखळीचें नाहीं. वर्षांतून दोन-तीन दिवसांचेंच तोडकाम असेल तर माहीतगार माणूस यंत्रासकट भाड्यानें आणावा. ज्याच्याकडे दरसाल सरपणाचें, कुंपणाच्या बल्ल्यांचें व जुन्या बागा काढण्याचें काम निघतें, त्यानेंच यंत्र विकत घ्यावें.

२. यंत्राची रचना

सांखळी-करवतीची रचना समजून घेतल्यावांचून तिची पारख होणार नाहीं. लहान दोन-स्ट्रोक इंजिन फिरूं लागलें कीं त्याच्या टोंकाचा क्लच वेग वाढल्यावर डब्यास धरतो. डब्याबरोबर दांतेरी चक्र फिरतें, आणि तें चक्र लोखंडी बारच्या कडेच्या खांचेंतून सांखळी पळवितें. इंजिन मंद चालत असतां क्लच धरीत नाहीं, म्हणून सांखळी स्थिर असावी. पूर्ण वेगांत सांखळी सेकंदास सुमारें वीस मीटर धांवते. एवढ्या वेगाची वस्तु माणसाच्या तोंडापुढें दोन हातांवर असते, हें ध्यानांत ठेवावें.

जर्मनींत आंद्रेआस स्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. तीं यंत्रें इतकीं जड होतीं कीं दोन माणसें धरावयास लागत. सांखळीचे दांत तेव्हां साध्या करवतीप्रमाणें लांकूड ओरखडीत असत व लौकर बोथटत. पुढें अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें लांकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी ओंडक्यांत कशी चालते याचें बारकाईनें निरीक्षण केलें. ती अळी आपला जबडा डावीउजवीकडे चालवून लांकूड कुरतडीत जाते. तें पाहून त्यानें एक दांत डावा व एक उजवा अशी सांखळी बनविली आणि १९४७ सालीं ती विकण्यास आरंभ केला. आजची सांखळी मुख्यतः त्याच पद्धतीची आहे. आंब्याच्या खोडांत शिरणाऱ्या भिरुडाचा ताप आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. तशाच एका अळीनें हें हत्यार शिकविलें, हें ऐकून वाचकांस मौज वाटेल. पण यांतील उपयोगाची गोष्ट ही कीं, लांकूड कापण्याचें खरें काम दांत करितात, आणि इंजिन फक्त त्यांस फिरवितें.

३. इंजिन व बार

पेट्रोल, वीज व बॅटरी असे तीन प्रकार मिळतात. तारेवरचें विजेचें यंत्र हलकें व स्वस्त असतें. परंतु शेतांतली वीज ठराविक तासच असते, आणि लांबलचक तार ओढीत बांधावर काम करणें धोक्याचें आहे. तें वाड्यांत वा गोठ्यापाशीं सरपण तोडण्यास ठीक. बॅटरीचें यंत्र आवाज कमी करितें, दोरी ओढावी लागत नाहीं, व फळबागेंतील फांद्यांस तें उत्तम. मात्र दिवसभराच्या कामास दोन-तीन बॅटऱ्या लागतात व त्या महाग असतात. बांधावरच्या झाडांस अजून पेट्रोलचेंच यंत्र सोयीचें पडतें.

पेट्रोल-इंजिनाचें माप सी.सी.मध्यें सांगतात. आमच्या अनुभवानें व मिस्त्री लोकांस विचारून ठरविलेला हिशेब येणेंप्रमाणें आहे :

वीतभर जाडीपर्यंतच्या फांद्या व सुबाभूळ : ३० ते ३५ सी.सी., बार १२ ते १४ इंच.

एक ते सव्वा फूट जाडीची बाभूळ, लिंब, नीलगिरी : ४० ते ५० सी.सी., बार १६ ते १८ इंच.

त्याहून जाड बुंधे, रोजच्या रोज काम : ६० सी.सी. व वर, बार २० इंच वा अधिक. हें काम धंदेवाईक माणसाचें आहे. घरगुती शेतकऱ्यानें या वाटेस जाऊं नये.

बार लांकडाच्या जाडीपेक्षां दोन इंच जास्त असला म्हणजे पुरे. लांब बार घेतल्यानें काप जलद होतो ही समजूत चुकीची आहे. लांब बारास लहान इंजिन पुरे पडत नाहीं, आणि बारचें टोंक नजरेआड जाऊन भलत्याच ठिकाणीं लागतें. आमच्या गड्याचें असेंच झालें. वजनही पाहावें. यंत्र दोन्ही हातांनीं कमरेइतकें उचलून पांच मिनिटें धरून उभें राहावें. हात कांपूं लागले तर तें यंत्र आपलें नव्हे. मुठी व इंजिन यांच्यामध्यें रबर किंवा स्प्रिंग असावी, नाहीं तर रोजच्या कंपानें बोटें बधिर होतात.

४. थांबण्याची परीक्षा

हा भाग वाचकांनीं दोनदां वाचावा. बारच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश फिरत्या सांखळीसह कशास लागला, तर यंत्र उलट उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येतें. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं हें घडतें; माणसाची शक्ति व हुषारी तेथें उपयोगी पडत नाहीं. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत चांगल्या कारखान्यांनीं असा ब्रेक बसविला कीं, पुढील ढालीस मनगट लागतांच, किंवा नुसत्या उसळीच्या हिसक्यानेंही, सांखळी सेकंदाच्या अल्पशा भागांत थांबते. आज ब्रेक बहुतेक सर्व यंत्रांवर दिसतो. तो दिसतो एवढ्यावर समाधान मानूं नये. तो चालतो कीं नाहीं हें दुकानांतच पाहावें. खालील सहा परीक्षा दुकानदारास स्वतः करून दाखवावयास सांगाव्या.

पहिली : इंजिन बंद असतां ढाल पुढें ढकलावी. खटका स्पष्ट वाजला पाहिजे, व मग सांखळी हातमोजा घालून ओढली तरी हलतां कामा नये.

दुसरी : इंजिन बंद ठेवून ब्रेक मोकळा करावा, आणि यंत्र एखाद्या ओंडक्यावर हातभर उंचीवर आडवें धरावें. मागची मूठ धरून पुढची सोडावी. टोंक ओंडक्यावर आपटतांच ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

तिसरी : यंत्र जमिनीवर घट्ट धरून चालू करावें, वेग वाढवावा, व डाव्या हाताची मूठ न सोडतां मनगटानें ढाल पुढें ढकलावी. सांखळी तत्काळ थांबली पाहिजे. हळूहळू थांबणारी सांखळी न थांबणाऱ्या सांखळीइतकीच वाईट.

चौथी : इंजिन मंद चालत असतां सांखळी अगदीं स्थिर असावी.

पांचवी : मागील मुठीवरील तळव्याखालचा खटका दाबल्यावांचून वेगाची कळ दबूं नये. तसेंच सांखळी तुटल्यास ती अडविणारा आंकडा बारच्या बुडाशीं आहे कीं नाहीं, व मागच्या मुठीखालीं हाताचें रक्षण करणारी रुंद पट्टी आहे कीं नाहीं, तें पाहावें.

सहावी : इंजिन चालू ठेवून बारचें टोंक पांढऱ्या कागदावर वीतभर अंतरावर धरावें व वेग द्यावा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे सांखळीस तेल पोंचतें असें समजावें. तेल न पोंचल्यास बार व सांखळी थोड्याच दिवसांत जळून जातात.

याशिवाय थंड इंजिन चार-पांच ओढींत चालू होतें कीं नाहीं, आणि तापल्यावर बंद करून पांच मिनिटांनीं पुन्हां लागतें कीं नाहीं, हेंही पाहावें. जो दुकानदार या परीक्षांस वेळ नाहीं म्हणतो, त्याच्याकडे आपणांसही पैसे नाहींत असें समजावें.

५. दांत व कानस

बोथट दांताची करवत माणसास दाबावी लागते, आणि दाबलेली करवत निसटते. कापतांना जाड चुरा उडत असेल तर दांत चांगले आहेत. पिठासारखा बारीक भुसा पडूं लागला, किंवा काप एका बाजूस वांकूं लागला, कीं काम थांबवून कानस लावावी. आपल्याकडील बांधावरच्या झाडांच्या सालींत माती भरलेली असते, आणि कुंपणाच्या जुन्या झाडांत तारा व खिळे गडप झालेले असतात. अशा ठिकाणीं एका कापांत सांखळीची धार जाते. म्हणून माती खरवडून व खिळे शोधून मगच काप घालावा.

कानस गोल असते व तिची जाडी सांखळीच्या मापाप्रमाणें बदलते. लहान यंत्रांवरील 'तीन-अष्टमांश लो-प्रोफाइल' सांखळीस बहुधा ४ मिलिमीटरची, व 'पॉइंट ३२५' मापाच्या सांखळीस ४.८ मिलिमीटरची कानस लागते. बहुतेक सांखळ्यांवर धार तीस अंशांच्या तिरकसानें लावितात, व प्रत्येक दांतास सारख्याच ओढी देतात. दांतापुढील उंचवटा दांताच्या धारेहून अर्ध्या मिलिमीटरपेक्षां किंचित् जास्त खालीं असावा. तो फार घासला तर दांत लांकडांत खोल शिरून यंत्र हिसके देतें.

यंत्र घेतांना सांखळीचें माप, खांचेची रुंदी व कड्यांची संख्या या तीन गोष्टी वहींत लिहून घ्याव्या. त्या बहुधा बारवर कोरलेल्या असतात. तिहींपैकीं एक चुकली तरी नवी सांखळी बसत नाहीं, किंवा बसून चक्र खाते. धार लावितांना दरवेळीं बार उलटा करून बसवावा, म्हणजे तो दोन्ही कडांनीं सारखा झिजतो.

६. इंधन

दोन-स्ट्रोक इंजिनास पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें. पन्नासास एक हें प्रमाण असेल तर एका लिटरास २० मिलिलिटर, आणि पंचविसास एक असेल तर ४० मिलिलिटर तेल घालावें. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेंच ठेवावें. अदमासानें ओतूं नये. तेल कमी पडल्यास सिलिंडर अडकतो, व ती दुरुस्ती पुष्कळदां यंत्राच्या किंमतीच्या घरांत जाते.

आतां एक नवी गोष्ट निघाली आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. हें इथेनॉल कांहीं अंशीं आपल्याच जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून जातें, व ऊस उत्पादकास त्याचा लाभ आहे. परंतु इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व कार्बुरेटरचे पडदे त्यानें खराब होतात. म्हणून यंत्र घेतांना, "हें शेंकडा वीस इथेनॉलच्या पेट्रोलवर चालतें काय?" असें विचारून पुस्तिकेंत तसा मजकूर दाखवावयास सांगावें. मिश्रण एका महिन्यापेक्षां जास्त दिवस ठेवूं नये, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. दिवाळींत बंद केलेलें यंत्र फाल्गुनांत चालू होत नाहीं, ही तक्रार बहुतेक याच कारणानें असते.

७. दुकान व सुटे भाग

जर्मनीची स्टील व स्वीडनची हुस्क्वर्ना हीं या धंद्यांतील जुनीं व प्रसिद्ध नांवें होत. याशिवाय देशी व चिनी बनावटीचीं अनेक यंत्रें बाजारांत आहेत. स्वस्त यंत्र सर्वच वाईट, किंवा नामांकित यंत्र डोळे मिटून घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. वरील सहा परीक्षांस जें उतरेल तें चांगलें. मात्र प्रसिद्ध नांवाच्या नकली सांखळ्या व बारही विकले जातात. यास्तव पावती पक्की घ्यावी व तिच्यावर यंत्राचा नंबर लिहून घ्यावा. आमच्या पहिल्या यंत्राच्या पावतीवर नंबर नव्हता, म्हणून तक्रार करावयास गेलों तेव्हां तें यंत्र त्या दुकानाचेंच आहे हें आम्हांस सिद्ध करतां आलें नाहीं. तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद तपासण्यांत घालविलेल्या मनुष्याची ही गत, हें सांगतांना आम्हांस लाज वाटते. पण सांगितल्यावांचून इतरांस उपयोग होणार नाहीं.

दुकानांत तीन वस्तूंची नांवें घेऊन विचारावें : क्लचचा डबा, ओढण्याच्या दोरीची स्प्रिंग, आणि कार्बुरेटरचा पडदा. या तिन्ही आतां दुकानांत असतील तर दुकान चांगलें. "मागवून देऊं" असें उत्तर आलें तर किती दिवसांत, हें विचारावें. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी यांसारख्या बाजाराच्या गांवीं मिस्त्री आहेत. आपल्या जवळच्या मिस्त्रीस आधीं भेटून तो कोणत्या यंत्राची दुरुस्ती नित्य करितो हें विचारावें व तेंच घ्यावें. ज्या यंत्रासाठीं मोसमांत पंधरा दिवस थांबावें लागतें, तें कितीही बळकट असलें तरी आपल्यापुरतें भरंवशाचें नव्हे.

यंत्राच्या किंमतींतच आणखी चार वस्तूंचे पैसे धरावे : तोंडावर जाळी असलेलें हेल्मेट, कानाचीं झांकणें, बळकट बूट, आणि सांखळीस अडविणारी खास विजार. या विजारींतील लांब तंतु सांखळींत गुंतून ती क्षणांत बंद पाडतात. पैसे अपुरे पडत असतील तर यंत्र एक पायरी लहान घ्यावें, पण या वस्तु सोडूं नयेत. धोतराच्या वा लुंगीच्या सोग्यानें हें काम करूं नये, व यंत्र खांद्याच्या वर कधींही उचलूं नये.

८. कोणतें झाड तोडावें

यंत्र चांगलें मिळालें म्हणजे एक नवा धोका उत्पन्न होतो, तो हा कीं तोडणें फार सोपें होतें. कुऱ्हाडीच्या दिवसांत झाड पडेपर्यंत अर्धा दिवस जाई. तेवढ्यांत भाऊबंद येऊन हरकत घेई, म्हातारी माणसें चार शब्द सांगत, आणि तोडणाराही दम खातांना विचार करी. आतां विचारास अवकाश राहिला नाहीं. म्हणून तो आधींच केला पाहिजे.

वृक्षतोडीचें नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्यानें कांहीं जातींचीं झाडें स्वतःच्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. त्यांत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन, ऐन, अंजन इत्यादि झाडें आहेत. शहरांच्या हद्दींत १९७५ चा निराळा कायदा लागू आहे. सामाईक बांधावरील झाड तोडण्यापूर्वीं शेजाऱ्याची लेखी संमति घ्यावी. दोन हजारांच्या लांकडासाठीं दोन पिढ्यांचा वाद लागलेला आम्हीं कचेरींत पाहिला आहे. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत बांधावरचीं झाडें शेतकऱ्यास स्वतःच नोंदवितां येतात; ती नोंद आधीं करून ठेवावी, म्हणजे झाड कोणाचें हा प्रश्न पुढें निघत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें १९९० च्या सुमारास श्रमदान, चराईबंदी यांबरोबर कुऱ्हाडबंदीचा नियम केला, व उघडे पडलेले डोंगर पुन्हां हिरवे केले. त्या नियमांत शब्द कुऱ्हाडीचा आहे; हेतु मात्र झाड राखण्याचा आहे. तेव्हां हातांत यंत्र आलें म्हणून आपण त्या नियमाच्या बाहेर झालों असें कोणी समजूं नये. वठलेलें, रोगट, विहिरीवर वा घरावर कललेलें, किंवा तोडीसाठींच लावलेलें सुबाभूळ-नीलगिरीसारखें पुन्हां फुटणारें झाड, एवढ्यांपुरतें हें हत्यार आहे.

सारांश, यंत्र घेतांना पुढील क्रम ठेवावा : सुतळीनें झाडें मोजावीं, मापाप्रमाणें इंजिन व बार ठरवावा, मिस्त्रीस भेटावें, दुकानांत सहा परीक्षा घ्याव्या, कानस, हेल्मेट व विजार त्याच दिवशीं घ्यावीं, पक्क्या पावतीवर नंबर लिहून घ्यावा. आणि घरीं आल्यावरही दररोज काम सुरू करण्यापूर्वीं ब्रेकची पहिली व तिसरी परीक्षा करावी. त्यास दोन मिनिटेंही लागत नाहींत.

आमच्या गड्याचा खांदा तीन महिन्यांनीं बरा झाला. दुसरें यंत्र घेतांना आम्हीं त्यासच बरोबर नेलें. तें पहिल्याहून लहान आहे, बार सोळा इंची आहे, व किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक पडली. दुकानदारानें इंजिनाचा वेग दाखविण्यास आरंभ केला, तेव्हां आमचा गडी त्यास म्हणाला, "ते राहूं द्या शेठ. आधीं थांबवून दाखवा." दुकानदारानें ढाल ढकलली व सांखळी जागच्या जागीं थांबली. मग आम्हीं पैसे मोजले.